गुलाब निवडायचा तर गणपतीच्या दिवसांत गल्लीतनं फिरा

आमच्या बेळगावातल्या अनगोळच्या घरामागं परसात थोडी जागा आहे, तिथं मी आधी नर्सरीतनं सहा गुलाब आणून लावलेले, एकेक फूल वाटीएवढं, रंग तर काय विचारू नका. जूनपर्यंत सगळं झकास. जुलैत पानांवर काळे ठिपके आले, मग पानं पिवळी पडून गळायला लागली, आणि गणपती आले तेव्हा परसात सहा काट्या उभ्या होत्या, पान औषधाला नाही. चार तेव्हाच गेली, दोन दिवाळीला गेली. आणि पलीकडं शेजारच्या अक्कांच्या कंपाउंडला टेकून एक गावठी गुलाबाचं झुडूप, ज्याला कुणी खत घातलेलं मी कधी बघितलं नाही, ते त्याच पावसात हिरवंगार आणि वर रोज पूजेला चारपाच फुलं. मी अक्कांना विचारलं याला काय घालताय, त्या म्हणाल्या, "काय घालतंय, सुम्ने बिडु!" म्हणजे उगी सोडून दे त्याला.

आता पूर्ण सोडून देऊन चालत नाही, ते पुढं सांगतो. पण मूळ गोष्ट तीच, की झाड बरोबर निवडलं तर निम्मं काम तिथंच संपतंय, आणि चुकीचं निवडलं तर फवारे मारून मारून आपणच थकतोय.

यूट्यूबवर कमी देखभालीचे गुलाब म्हणून बघायला गेलात तर बहुतेक व्हिडिओ अमेरिकेचे नाहीतर कॅनडाचे, आणि तिथं कणखर गुलाब म्हणजे बर्फात न मरणारा. बुंध्याला मातीचा ढीग लावा, थंडीत झाकून ठेवा असलं सगळं सांगतात. आपल्या बेळगावात थंडीनं गुलाब मेला असं कोण म्हणालंय का कधी? आपल्याकडं झाड मारतोय तो पाऊस, आणि पावसातनं वाचलं तर एप्रिल-मे. समुद्रसपाटीपासून अडीच हजार फुटांवर आहोत, हवा गार, आभाळ भरलेलं, जून ते सप्टेंबर पानं वाळतच नाहीत. काळ्या ठिपक्यांची बुरशी पानात शिरायला पान सलग सातेक तास ओलं राहिलं की बास होतंय, आणि आपल्याकडं ते सात दिवस ओलं असतंय. विल्यम रॅडलर नावाच्या अमेरिकन माणसानं ह्याच रोगाला दाद न देणारा नॉक आऊट नावाचा गुलाब काढला, २००० साली तो बाजारात आला आणि तिकडं घरोघरी गेला. म्हणजे असलं झाड होऊ शकतंय हे खरं, पण नॉक आऊट इकडं शोधत फिरण्यापेक्षा आपल्या गल्लीत ह्या परीक्षेत पास झालेली झाडं आधीच उभी आहेत ती बघा.

म्हणून माझा सल्ला असा की गुलाब निवडायला नर्सरीत डिसेंबरात जाऊ नका, तेव्हा सगळीच झाडं नवऱ्या मुलीसारखी सजलेली असतात. ऑगस्टच्या शेवटी, सप्टेंबरात, गणपती बघायला गल्लीतनं फिरताय ना, तेव्हा कंपाउंडांच्या आत नजर टाका. ज्या गुलाबाच्या अंगावर त्या वेळी बुंध्यापर्यंत पानं आहेत तो तुमचा गुलाब. घरवाल्यांना सांगून ठेवा, दसऱ्यानंतर एक काडी द्या म्हणून. काडीला नाही म्हणणारं घर मला अजून भेटायचंय.

असं फिरलं की साधारण तीनचार जातीच पुन्हा पुन्हा दिसतात. एक आपला गावठी, गुलाबी, भरपूर वासाचा, पाकळ्या मऊ. गावठी हे एकाच झाडाचं नाव नाही, बऱ्याच जुन्या जातींना आपण सरसकट तेच म्हणतो, आणि त्यातला एक म्हणजे एडवर्ड. हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर कुंपणाला लावलेल्या दोन जातींच्या संकरातनं तो आपोआप तयार झाला, त्या बेटाचं जुनं नाव बूर्बाँ, म्हणून त्याच्या पुढच्या पिढ्यांना बूर्बाँ गुलाब म्हणतात. तमिळनाडूत त्यालाच पन्नीर रोज म्हणतात. कुंपणालाच जन्मला, त्यामुळं कुंपणाला टाकून दिला तरी तक्रार नाही. दुसरा तो गडद लाल, मान खाली घातलेला, वासाचा, ज्याला उत्तरेत सुर्खा म्हणतात आणि ज्याचं खरं नाव ग्रुस आन टेप्लिट्झ, १८९७ चा आहे, म्हणजे सव्वाशे वर्षं झाली आणि हाराला अजून चालतोय. तिसरा आईसबर्ग, पांढरा, झुपक्यात येणारा, १९५८ चा. ह्याला ठिपके थोडे पडतात, खोटं कशाला सांगू, पण परत फुटतोय. आणि चौथी ती बारक्या झुपक्यांची बटण गुलाबं, वास नसतोय म्हणा, पण बारा महिने काहीतरी असतंयच. मोठ्या एकेकट्या फुलाचे, लांब दांड्याचे जे गुलाब असतात ते हौस असेल तर एखादा ठेवा, मी बी ठेवलाय एक, पण तो लाडाचा आहे असं समजूनच.

काडीचं सांगतो, कारण कलमापेक्षा मला काडीचंच झाड बरं वाटतंय. कलमी रोप म्हणजे खाली एक जात आणि वर दुसरी, आणि खालच्या जातीला फुटवा आला की तो वरच्याला खाऊन टाकतोय, मग लोक म्हणतात माझ्या गुलाबाचा रंगच बदलला. रंग नाही बदलला, वरचा मेला आणि खालचा राहिला. सात पानांची फांदी जंगली, पाच पानांची खरी, असं सगळीकडं ऐकायला मिळतंय, त्यावर जाऊ नका, बऱ्याच चांगल्या गुलाबांना बी सात येतात. माती थोडी उकरून फुटवा नेमका कुठनं निघालाय ते बघायचं, कलमाच्या गाठीच्या खालनं असेल तर मुळापासनं उपटायचा, वरनं कापला तर परत दोन येतात. काडीच्या झाडाला ही भानगडच नाही, खालनं आला तरी तोच गुलाब.

पेन्सिलीएवढ्या जाडीची, एकदा फूल येऊन गेलेली काडी घ्या, वीतभर लांब. खालचा काप डोळ्याच्या, म्हणजे पान फुटतंय त्या गाठीच्या, जरा खाली आणि तिरका, म्हणजे उलटी खोचायची चूक होत नाही. वरची दोन पानं ठेवून बाकीची काढा. निम्मी वाळू निम्मी माती घालून पिशवीत दोन डोळे आत जातील अशी खोचा, खताचा एक कण नको ह्या वेळी, आणि आंब्याच्या किंवा शेवग्याच्या झाडाखाली ठेवा. दहा लावल्या की पाचसहा धरतात. पहिल्या दोन आठवड्यांत पालवी आली म्हणून नाचू नका, काडीतल्या साठ्यावर ती येतेय, मुळं धरायला पाचसहा आठवडे जातात, आणि रोज ओढून बघणारा माणूस घरात असेल तर त्याला आधी लांब ठेवा. पावसाळ्यातल्या काड्या आमच्याकडं कुजतात, दसऱ्यानंतरच्या छाटणीतल्या चांगल्या लागतात.

लावायची वेळ आणि जागा मात्र तुम्ही जिल्ह्यात कुठं राहताय त्यावर आहे. बेळगावात वर्षाला सरासरी बाराशे-तेराशे मिलिमीटर पडतोय, खानापूर-जांबोटीकडं गेलं की त्याहून बराच जास्त, आणि अथणीत निम्म्याहून कमी. एकच जिल्हा! पश्चिमेला तांबडी माती, पाणी थांबत नाही पण खत बी थांबत नाही, तिथं शेणखत जास्त आणि दरवर्षी घालायचं. चिक्कोडी-अथणीकडं काळी माती, पावसात चिकट, उन्हाळ्यात भेगा, तिथं खड्ड्यात रोप लावणं म्हणजे रोपाला विहिरीत ढकलणं. फूटभर उंचीचा वरंबा करा, त्यात मुरूम आणि शेणखत मिसळा, आणि त्यावर लावा. काळ्या मातीत, त्यातनं बोअरच्या जड पाण्यावर, पानं पिवळी पण शिरा हिरव्या असं दिसलं तर झाडाला मातीतलं लोह घेता येत नाही, शेणखत वाढवा आणि पावसाचं पाणी साठवून द्या, युरिया टाकून ते जात नाही.

बाकी ठिकाणी दीड फूट लांब-रुंद-खोल खड्डा, निम्मी माती, एक घमेलं मुरलेलं शेणखत, दोन मुठी निंबोळी पेंड, बास. हाडांचा चुरा मी एकदा घातलेला, गल्लीतल्या कुत्र्यांनी रात्रीत सगळं उकरून रोप रस्त्यावर आणून ठेवलं. सहा तास ऊन पाहिजेच, त्यातनं सकाळचं ऊन लई महत्त्वाचं, कारण पानं लवकर वाळतात. आणि दोन झुडपांत चार फूट सोडा. लावताना ते अंतर वेड्यासारखं दिसतंय, पण वारा खेळला नाही की ठिपके आलेच. बेळगाव-खानापूरकडं पाऊस उघडल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरात लावलेलं चांगलं, उन्हाळ्यापर्यंत मुळं खाली जातात. अथणी-रायबागकडं जूनमध्ये लावलं तरी चालतंय.

पाणी मुळाशी, सकाळी, पानांवर पाइपनं फवारा मारायचा नाही. पहिलं वर्ष लक्ष ठेवा, नंतर उन्हाळ्यात आठवड्यातनं दोनदा झाडाला एकेक बादली सावकाश जिरवली तरी पुरते. आपल्याकडं नळाला पाणी कधी येतंय ह्याची वाट बघण्यात दिवस जातोय तेव्हा तांदूळ-भाज्या धुतलेलं पाणी खुशाल घाला, साबणाचं नको. बुंध्याभोवती आच्छादन घाला, येळ्ळूर-वडगावकडं भाताचं पिंजर मिळतंय, उसाच्या भागात पाचट, ज्याच्याकडं जे असेल ते, फक्त बुंध्यापासनं वीतभर लांब, नाहीतर वाळवीला आमंत्रण. पावसाळ्यात ते बाजूला ओढून ठेवा.

छाटणीत लोक दोन टोकाला जातात, एक कात्री लावतच नाहीत आणि एक टक्कल करतात. झुडूप गुलाबाला टक्कल करायचं नसतंय. खंडेनवमीला कात्रीची पूजा करा, पण परतीचा पाऊस गेल्याशिवाय तिला हात लावू नका, ओल्या हवेत केलेल्या कापातनं फांदी वरनं काळी पडत खाली वाळत येते. पाऊस थांबला की दिवाळीच्या आत एका सकाळी वाळलेलं, आत वळलेलं, एकमेकाला घासणारं काढा आणि उरलेल्याची वरची एक तृतीयांश उंची कमी करा. जाड कापांवर बोर्डो पेस्ट लावा, मोरचूद १०० ग्रॅम, चुना १०० ग्रॅम, पाणी एक लिटर, वेगवेगळं भिजवून प्लास्टिकच्या बादलीत एकत्र करायचं, लोखंडी भांडं नको, त्याच दिवशी वापरायचं. साधारण सहा-सात आठवड्यांत फुलं येतात, म्हणजे ऑक्टोबरच्या मधल्या छाटणीला मार्गशीर्षातल्या गुरुवारांना घरची फुलं, आणि तेव्हा बाजारात काय भाव असतोय ते तुम्हाला माहीतच आहे. छाटणीनंतर एक घमेलं शेणखत, परत जूनच्या आधी एक. भुईमुगाच्या पेंडीचं पाणी देणार असाल तर पाव किलो पाच लिटरात तीनचार दिवस भिजवून दहापट पाणी घालून द्या, आणि वासाबद्दल शेजाऱ्यांना आधीच सांगून ठेवा.

किडींचं थोडक्यात. वळीव पडला की संध्याकाळी सातनंतर पानं चाळणीसारखी होतात, ते हुमणीचे भुंगेरे, उसाच्या भागात तर विचारू नका. टॉर्च घेऊन जायचं, फांदी हलवायची आणि खाली साबणाच्या पाण्याची बादली धरायची, पोरांना हे काम भयंकर आवडतंय. पानाच्या कडेला कात्रीनं कापल्यासारखा गोल तुकडा गेला असेल तर ती मधमाशीच्या जातीतली एक माशी आहे, घरट्याला पान नेते, तिला काही करू नका. थंडीत पांढरी भुरी दिसली तर पाण्यात विरघळणारं गंधक लिटरला दोन ग्रॅम, भर उन्हात नाही. मावा आला तर बोटानं पुसा. काळे ठिपके पडलेली पानं मात्र रोज वेचून कचऱ्याच्या गाडीत द्या, झाडाखाली कुजू देऊ नका, पुढच्या पावसातल्या रोगाचं बियाणं तिथंच पडलेलं असतंय. निपाणीकडं तंबाखूचं पाणी फवारायची जुनी सवय आहे, मी सांगेन नको, निकोटिन कातडीतनं अंगात जातंय, आणि आपण तीच फुलं देवाला, केसात आणि गुलकंदात घालतोय. गुलकंद करायचा असेल त्या झाडावर मी काहीच मारत नाही.

जागा नसेल तर कुंडीत बी येतात, पण चौदा-सोळा इंचाच्या खाली नको, आणि पावसाळ्यात कुंडीखालची ताटली काढून ठेवा. माझ्या गच्चीवरचा आईसबर्ग त्या ताटलीनंच गेला, मी मात्र महिनाभर खताला शिव्या घालत बसलेलो.