मोरीच्या सांडपाण्यासाठी परड्यातील कर्दळीचा वाफा

बेळगाव, खानापूर आणि निपाणी भागातील जुन्या घरांत मोरीचे पाणी परड्यातील अळवाला आणि केळीला सोडण्याची रीत होती. घरोघरी नळ आल्यावर पाण्याचा वापर वाढला, परडी आक्रसली, आणि तेच पाणी आता गटारातून ओढ्याला जाते, आणि बेळगावात तर पुढे मार्कंडेय नदीत, अथवा शहरालगतच्या भातशिवारांतून वाहणाऱ्या बळ्ळारी नाल्यात जाते. जुन्या रीतीलाच थोडी शिस्त लावली, म्हणजे खडी भरून कर्दळ लावलेल्या वाफ्यातून हे पाणी सावकाश जाऊ दिले, तर ते घराच्या आवारातच बऱ्यापैकी शुद्ध करता येते.

पाणवनस्पतींनी सांडपाणी शुद्ध करण्याचे प्रयोग जर्मनीत केटे झायडेल या वनस्पतिशास्त्रज्ञ बाईंनी १९५०च्या दशकात सुरू केले. मात्र पाणी झाडे ‘पिऊन’ स्वच्छ करतात, हा समज अर्धाच खरा आहे. घाण कुजवण्याचे मुख्य काम खडीवर आणि मुळांवर चिकटून वाढणारे सूक्ष्मजीव करतात. मुळे त्यांना आधार व थोडा प्राणवायू पुरवतात आणि पाण्यातील नत्र-स्फुरदाचा काही भाग शोषून घेतात. म्हणून झाडे कोणती लावावीत यापेक्षा खडीच्या फटी मोकळ्या कशा राहतील, याची चिंता अधिक करावी.

त्यासाठी पाणी वाफ्यात सोडण्यापूर्वी गाळाच्या टाकीतून नेणे अत्यावश्यक आहे. पाच माणसांच्या घरात न्हाणी, धुणे आणि भांडी यांचे पाणी माणशी ७० लिटर धरले, तर दिवसाला ३५० लिटर होते. त्याला १ मीटर लांब, ६० सेंटिमीटर रुंद आणि ८० सेंटिमीटर पाण्याची खोली असलेली, मध्ये आडभिंत घातलेली टाकी पुरते. बाहेर जाणाऱ्या पाइपाला ‘टी’ बसवून त्याचे खालचे तोंड पाण्यात बुडते ठेवावे, म्हणजे वर तरंगणारे तेल आणि साबणाचा फेस आतच अडतो. खर्च वाचवायचा म्हणून ही टाकी वगळणाऱ्यांचा वाफा लवकरच तुंबतो आणि दोष मात्र कर्दळीला दिला जातो.

वाफा ४ मीटर लांब व दीड मीटर रुंद असावा. खडीचा थर ६० सेंटिमीटर आणि पाण्याची पातळी ५० सेंटिमीटर ठेवली, तर आतील आकारमान ३ घनमीटर होते. खडीतील फटी सुमारे ४० टक्के धरल्यास त्यात १,२०० लिटर पाणी मावते, म्हणजे रोजचे पाणी तीन दिवसांहून थोडे अधिक काळ आत राहते. तळाला निचऱ्याच्या दिशेने एकूण ४ सेंटिमीटर उतार द्यावा. खानापूरकडील जांभ्या जमिनीत पाणी झपाट्याने मुरते, त्यामुळे तळाला आणि बाजूंना शेततळ्याचा जाड प्लास्टिक कागद अंथरावा किंवा सिमेंटचा गिलावा करावा. पावसाळ्यात परड्यातील लोंढा आत शिरू नये म्हणून कडा जमिनीपासून वीतभर उंच घ्याव्यात, आणि कौलांच्या पन्हाळीचे पाणी वाफ्यावर मुळीच सोडू नये.

दोन्ही टोकांना अर्धा अर्धा मीटर ४० ते ८० मिलिमीटरचे दगड आणि मधल्या भागात १० ते २० मिलिमीटरची काळ्या दगडाची धुतलेली खडी भरावी. स्वस्त मिळतात म्हणून जांभ्याचे तुकडे घालू नयेत. ते झिजून त्यांची माती फटींत बसते. बाहेर पडणाऱ्या पाइपाला फिरवता येईल असा एल्बो लावून पातळी खडीच्या पृष्ठभागाखाली १० सेंटिमीटर ठेवली, की डास आणि दुर्गंधी दोन्ही टळतात.

लागवड मृगाच्या सुमारास करावी. कर्दळीचे कंद सर्वत्र मिळतात आणि लवकर फुटतात. ओढ्याकाठचे पाणकणीस व वेखंडही चालते. चौरस मीटरला चार रोपे पुरेत. कंद रुजेपर्यंत काही आठवडे पाण्याची पातळी खडीच्या माथ्याजवळ ठेवावी. जलपर्णी मात्र या कामी नको, कारण ती खडीत रुजणारी नसून मोकळ्या पाण्यावर तरंगणारी आहे आणि ओढ्यात निसटल्यास आवरत नाही.

टाकीवरील तेलाची साय आठवड्याला काढावी, गाळ सहा महिन्यांनी उपसून खताच्या खड्ड्यात टाकावा आणि वाळलेली कर्दळ वर्षातून एकदा कापावी. ॲसिड, ब्लीचिंग पावडर किंवा रंगाचे डबे मोरीत धुतले, तर सूक्ष्मजीव मरतात. गोठ्यातील शेणमूत्राचे पाणी याच वाफ्यात घेऊ नये. त्याचा भार फार मोठा असतो. शौचालयाच्या पाण्याला स्वतंत्र सेप्टिक टाकी हवी.

बाहेर आलेले पाणी स्वच्छ दिसले, तरी त्यात रोगजंतू उरलेले असतात. ते नारळ, केळी, कढीपत्ता किंवा चाऱ्याच्या गवताला बुंध्याशी द्यावे. कोथिंबीर, मुळा, मेथी यांसारख्या कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाज्यांवर आणि विहिरीजवळ ते सोडू नये.