मुलांचे पहिले पिस्तूल निवडताना

पॅरिसच्या २०२४ च्या ऑलिंपिकमध्ये मनू भाकरने एअर पिस्तूलमध्ये आणि कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने रायफलमध्ये कांस्यपदक मिळवले, तेव्हापासून नाशिकच्या गंगापूर रोडवर भेटणारे ओळखीचे पालक मला एकच प्रश्न विचारतात: मुलीला पिस्तूल कोणते घ्यावे? माझे उत्तर प्रत्येक वेळी तेच असते. पहिले काही महिने काहीच घेऊ नये. रेंजवरच्या पिस्तुलाने मूल शिकू लागले, उभे राहण्याची पद्धत आणि श्वासाची लय थोडी बसली आणि हात कोणता, हे नक्की झाले, की मगच खरेदीचा विचार करावा. मूठ उजव्या किंवा डाव्या हातासाठीच घडवलेली असते, त्यामुळे घाईने घेतलेले पिस्तूल कपाटात पडून राहते.

सुरुवात ४.५ मिलिमीटर व्यासाच्या, म्हणजे पॉइंट वन सेव्हन सेव्हन इंचाच्या एअर पिस्तुलानेच करावी. दहा मीटरवरच्या लक्ष्यातील दहा गुणांचे वर्तुळ केवळ ११.५ मिलिमीटरचे असते. एवढ्या लहान जागेवर नेम धरताना हाताची आणि बोटाची प्रत्येक चूक कागदावर उमटते, आणि धक्का व आवाज जवळजवळ नसल्याने मूल दचकत नाही. ज्याला पुढे पॉइंट टू टूकडे, म्हणजे काडतुसाच्या पिस्तुलाकडे, जायचे आहे, त्याचाही पाया इथेच तयार होतो.

पहिली कसोटी वजनाची. नियमानुसार एअर पिस्तूल दीड किलोपर्यंत चालते. स्पर्धेची पूर्ण आकाराची पिस्तुले साधारण एक किलोच्या आसपास भरतात. मोठ्या माणसाला हे वजन किरकोळ वाटते, परंतु एका हाताने, आधाराशिवाय, सामन्याचे साठ नेम आणि अर्धवट सोडून दिलेले कितीतरी नेम धरायचे, तर अकरा-बारा वर्षांच्या मुलाच्या खांद्यावर येणारा ताण विचारात घ्यावाच लागतो. दुकानात मूल पिस्तूल एकदा उचलते आणि हसून ‘जमतंय’ म्हणते. त्यावर विसंबू नये. दहा-दहा सेकंदांसाठी वीस वेळा उचलायला सांगावे आणि शेवटच्या पाच वेळी खांदा वर चढतो का, कंबर मागे झुकते का, हे बाजूला उभे राहून पाहावे. तसे होत असेल, तर आखूड नळीचे हलके पिस्तूल घ्यावे. स्टायर, वॉल्थर, फाइनवेर्कबाउ या कंपन्यांनी अशी पिस्तुले काढलेली आहेत.

मात्र सर्वांत जास्त वेळ मुठीला द्यावा, हे मी स्वतःच्या चुकीवरून सांगतो. माझ्या मुलीसाठी पहिले पिस्तूल घेतले, तेव्हा ‘हात वाढेलच’ म्हणून एक माप मोठी मूठ घेतली, जसे आपण शाळेचे बूट घेतो. तिचे बोट ट्रिगरपर्यंत जेमतेम टोकानेच पोहोचत होते आणि छर्रे सतत डावीकडे जात होते. आम्ही कित्येक महिने तिच्या एकाग्रतेलाच दोष देत राहिलो, याचे मला आजही वाईट वाटते. शेवटी तिच्या प्रशिक्षकांनी मुठीवर टाल्कम पावडर भुरभुरली, तिला पिस्तूल नेहमीसारखे धरायला लावले आणि हात अलगद काढून घ्यायला सांगितले. जिथे तळवा टेकला होता तिथली पावडर निघून आली होती. अंगठ्याखाली मात्र रुपयाएवढी जागा पांढरीच होती. तिथे लाकडाची पुटी भरली, दुसरीकडे कानशीने थोडे घासले, आणि त्याच मुलीचे छर्रे मधोमध येऊ लागले.

योग्य मुठीत पहिल्या पेराचा मध्यभाग ट्रिगरवर सरळ टेकतो आणि बोटाची बाजू लाकडाला घासत नाही. मनगटाला मुठीचा आधार मिळता कामा नये, असा नियमच आहे. आणखी एक सोपी परीक्षा अशी की, मुलाने डोळे मिटून हात लक्ष्याच्या दिशेने उचलावा आणि मग डोळे उघडावेत. नळीवरची पुढची साइट, म्हणजे नेम धरायची खूण, मागच्या खाचेच्या मधोमध दिसली, तर मुठीचा कोन जुळला. मुठी वेगवेगळ्या मापांत मिळतात आणि बदलता येतात, म्हणून आजच्या हाताच्या मापाचीच घ्यावी.

ट्रिगर किमान ५०० ग्रॅमचा असावा लागतो, म्हणजे तो ओढायला निदान तेवढा भार लागला पाहिजे, आणि सामन्यापूर्वी तो वजन टांगून तपासला जातो. त्याहून हलका ठेवलेला ट्रिगर घरी सुखद वाटतो आणि स्पर्धेच्या दारात अडवतो.

यंत्रणेपुरते बोलायचे, तर बाजारातील स्वस्त स्प्रिंगची पिस्तुले स्पर्धेच्या सरावासाठी घेऊ नयेत. ती ताणायला मुलाची ताकद पुरत नाही आणि सुटताना ती हातात उसळतात. जुनी कार्बन डायऑक्साइडची पिस्तुलेही मी सुचवत नाही, कारण त्या वायूचा दाब तापमानाप्रमाणे बदलतो, आणि ज्या जिल्ह्यात निफाडची थंडी आणि एप्रिलचे ऊन दोन्ही भोगावे लागते, तिथे नेम सारखा सरकत राहतो. दाबलेल्या हवेचे सिलिंडर असलेले पिस्तूलच घ्यावे. जुने घेत असाल, तर सिलिंडरवर कोरलेली तारीख आधी वाचावी. अशा सिलिंडरची मुदत साधारणपणे दहा वर्षांची असते. आमच्या परिचयातील एका कुटुंबाला विक्रेत्याने ही गोष्ट सांगितलीच नव्हती आणि नव्या सिलिंडरचा खर्च अंगावर पडला.

४.५ मिलिमीटरपर्यंतच्या आणि २० ज्यूलच्या आतल्या ऊर्जेने छर्रा सोडणाऱ्या हवाई शस्त्राला आपल्याकडे परवाना लागत नाही, तरी पावती जपून ठेवावी आणि पिस्तूल नेहमी पेटीतूनच न्यावे. पॉइंट टू टूचे पिस्तूल मात्र शस्त्र कायदा, १९५९ खाली येते, त्याचा ट्रिगर किमान १००० ग्रॅमचा असतो, आणि त्याचा सराव रेंजच्या देखरेखीखालीच करावा लागतो. राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवले, ते याच पिस्तुलाच्या पंचवीस मीटर प्रकारात.

घरी आणल्यावर नळीत सेफ्टी फ्लॅग, म्हणजे नळी रिकामी असल्याचे दाखवणारी रंगीत दोरी, घालून ठेवावा, पिस्तूल आणि छर्रे वेगवेगळ्या कुलपांत ठेवावेत, आणि दोन्ही किल्ल्या मोठ्यांकडेच असाव्यात. छर्रे शिशाचे असतात. रेंजवरून आल्यावर मुलाने साबणाने हात धुतल्याशिवाय जेवणाच्या डब्याला हात लावू नये.