बॅरनची मांडी पुन्हा मोडली? हलता राक्षस घडवताना या चुका टाळा

माझ्या टेबलाच्या खणात मिठाईच्या जुन्या डब्यात अकरा मांड्या पडल्या आहेत. सगळ्या एकाच राक्षसाच्या, आणि मोडल्यात सगळ्या एकाच जागी, खुब्याच्या जरा खाली. राक्षस म्हणजे ‘डूम’ या संगणकावरच्या खेळातला बॅरन ऑफ हेल. गुलाबी धड, बोकडाचे केसाळ पाय, खूर, डोक्यावर शिंगं. डिसेंबर १९९३ मध्ये आलेल्या त्या खेळाच्या पहिल्या भागाच्या शेवटी असे दोन बॅरन एकदम अंगावर येतात. एकेकाची ताकद हजार हिट पॉइंटची, म्हणजे मरेपर्यंत तेवढा मार सोसायची. मी घडवलेला, सांध्यांत हलणारा बॅरन नुसता कपाटातून उचलला तरी पाय सोडायचा.

दोष मातीचा नव्हता आणि हाताचाही नव्हता. मी आधी मूर्ती घडवायचो आणि मग तिला कापून सांधे बसवायचो. हलणारं खेळणं हे आधी यंत्र असतं. सांधे ठरल्यावर उरलेल्या जागेत जे बसेल ते शिल्प. हे पटायला मला अकरा मांड्या लागल्या.

गंमत म्हणजे खुद्द खेळातला बॅरनही असाच टेबलावर जन्मला. खेळाचा चित्रकार एड्रियन कारमॅकने तो मातीत घडवला, फिरवत फिरवत वेगवेगळ्या बाजूंनी त्याची छबी कॅमेऱ्याने टिपली आणि ती संगणकात घेऊन त्यावर काम केलं. पुढे स्पायडर मास्टरमाइंड या दुसऱ्या राक्षसाच्या वेळी ग्रेगर पंचॅट्झ या शिल्पकाराने आत धातूचा सांगाडा घालून वरून लेटेक्स, म्हणजे रबर, चढवलं. आपल्यालाही मातीकडून सांगाड्याकडेच यायचं आहे.

मोजमाप चित्रावरून घेता? थांबा

पहिली चूक मातीला हात लावायच्या आधीच होते. आपण खेळातली चित्रं काढतो, छापतो आणि त्यावर पट्टी ठेवतो. घडवलेला राक्षस मग बुटका आणि रुंद दिसतो, आणि काय चुकलंय ते कळत नाही. कारण असं, की जुना ‘डूम’ ३२० बाय २०० पिक्सेलमध्ये काढलेला होता आणि ४:३ आकाराच्या पडद्यावर भरून दिसायचा. त्यामुळे प्रत्येक पिक्सेल रुंदीपेक्षा उंचीला १.२ पट ताणला जायचा. आजच्या संगणकावर तीच चित्रं चौकोनी पिक्सेलमध्ये उघडतात आणि राक्षस दबतो. छापण्याआधी रुंदी तशीच ठेवून उंची १.२ पट करा. एवढ्यावरच माझ्या बॅरनचा बांधा परत आला.

उंची ठरवतानाही अंदाजपंचे नको. खेळाच्या हिशोबात खेळाडू ५६ युनिट उंच, बॅरन ६४. म्हणजे शेजारी १० सेंटिमीटरचा सैनिक उभा करणार असाल, तर बॅरन साधारण साडेअकरा सेंटिमीटरचा हवा. नवखे लोक त्याला पंधरा सेंटिमीटरचा करतात, कारण आठवणीतला राक्षस नेहमी मोठाच असतो.

आणखी एक. त्या खेळात मान वर-खाली करून बघता येत नव्हतं, त्यामुळे बॅरन वरून कसा दिसतो हे चित्रात सापडत नाही. टाळू, खांद्यांचा वरचा भाग, शिंगांची मागची कलती हे तुम्हालाच ठरवायचं आहे. इथे खऱ्या बोकडाचे फोटो कामाला येतात.

पुठ्ठ्याचा बॅरन आधी

माती मळायच्या आधी जाड पुठ्ठ्यातून धड, मांड्या, पोटऱ्या, हात, डोकं असे तुकडे कापा आणि सांध्याच्या जागी टिचबटणं लावा. शिवणाच्या सामानाच्या दुकानात मिळतात तीच. कळसूत्री बाहुलीसारखा हा चपटा बॅरन अर्ध्या तासात होतो, आणि बहुतेक भांडणं इथेच उघडी पडतात: हात वर केला की खांद्याचा स्नायू शिंगाला अडतो, मांडी पुढे घेतली की पोटात घुसते.

बॅरनची मान जवळजवळ नसतेच, डोकं खांद्यांत बसलेलं असतं. म्हणून मानेचा गोल सांधा गळ्यात ठेवला की डोकं फिरतच नाही, शिंगं खांद्यावर आपटतात. गोळी वर सरकवून कवटीच्या बुडात घ्या. पुठ्ठ्यावर हा बदल म्हणजे एक नवं भोक. घट्ट झालेल्या पुट्टीत तो म्हणजे एक संध्याकाळ आणि बऱ्याच शिव्या.

मालाची निवड

गणपती शाडूत करायला शिकलेल्यांचा हात सुंदर असतो, पण शाडू इथे चालत नाही. वाळताना आकसतो, तडकतो, आणि सांध्याच्या पातळ कडा नखाच्या दाबाने उडतात. हौस असेल तर पहिला नमुना शाडूत करा, अंतिम तुकडा नको.

एम-सील सगळ्यांच्या घरात असतं म्हणून सगळे त्यानेच सुरुवात करतात. टिकाऊ आहे, पण बारीक काम करायला वेळ देत नाही. मे महिन्यातल्या दुपारी तर शिंग वळेपर्यंत ताठ होतं. शिल्पासाठी म्हणून मिळणारी दोन भागांची पुट्टी घ्या. तिच्यावर निवांत काम करता येतं. दोन्ही भाग समान घ्यायचे आणि रंगाचा एकही पट्टा दिसेनासा होईपर्यंत मळायचं. आळस केला की कुठेतरी मऊ डाग राहतो, आणि तो नेमका सांध्याजवळ निघतो. हातमोजे घाला. हार्डनरची, म्हणजे पुट्टी कडक करणाऱ्या भागाची, ॲलर्जी हळूहळू जडते आणि मग जात नाही. घासतानाही पॉलिश पेपर ओला ठेवा, ती धूळ छातीत नको.

ओव्हनमध्ये भाजायची पॉलिमर क्ले वापरणाऱ्यांची चूक वेगळी. ते आत प्लॅस्टिकची सांधेगोळी ठेवून तुकडा भाजतात. क्ले साधारण १३० अंश सेल्सिअसला पकते आणि एबीएस प्लॅस्टिक १०५ च्या आसपासच मऊ पडतं. गोळीची चिंच होते. आधी क्ले भाजा, गार होऊ द्या, मग भोक पाडून सांधा बसवा. धडाच्या आत थर्माकोल घालायची कल्पनाही सोडून द्या. ओव्हनमध्ये ते आकसतं, आणि स्प्रे रंग किंवा फेविक्विक लागलं तर विरघळतं. ॲल्युमिनियम फॉइलचा घट्ट गोळा घ्या. हलका राहतो, भाजला तरी बिघडत नाही.

खोबण

आता अकरा मांड्यांकडे येतो.

सांध्याची गोळी खोबणीत, म्हणजे तिच्यासाठी केलेल्या गोल खळग्यात, अडकून राहायची, तर खोबणीने तिला अर्ध्याहून थोडं जास्त धरावं लागतं. ६ मिलिमीटरची गोळी असेल तर खोबण ३ नव्हे, ४ मिलिमीटर खोल हवी. तेव्हा खोबणीचं तोंड साधारण ५.७ मिलिमीटरचं होतं. म्हणजे गोळी आत जाताना ती कड क्षणभर फाकायला हवी. प्लॅस्टिक फाकतं. एपॉक्सी पुट्टी फाकत नाही, तडकते. मी प्रत्येक वेळी गोळी दाबून बसवत होतो, कडेला केसाएवढी भेग पडत होती, आणि पाच-सहा दिवसांनी मांडी हातात येत होती. दिसायला मोड मांडीत, मूळ मात्र खोबणीत.

सुटका दोन प्रकारांनी होते. एक, खोबण ज्याची कड थोडी लवचिक राहते अशा मालाची करायची, उदाहरणार्थ ग्रीन स्टफ ही किंचित लवचिक राहणारी हिरवी पुट्टी, किंवा जुन्या खेळण्यातली प्लॅस्टिकची खोबण आख्खी कापून पुट्टीत गाडायची. दुसरा मार्ग माझा आवडता: गोळी खोबणीतून कधी काढायचीच नाही.

गोळीवर व्हॅसलीनचा अगदी पातळ हात फिरवा. इतका पातळ, की चमक दिसावी पण बोटाला ओल लागू नये. जास्त झालं की खोबण ढिली होते. मग गोळीभोवती पुट्टी दाबून खुबा घडवा. भिंत कुठेही दीड मिलिमीटरच्या खाली नको. आता वाट पाहायची. नखाची खूण उमटते पण पुट्टी नखाला चिकटत नाही, तो क्षण पकडा. गोळीला जोडलेला, बाहेर राहिलेला दांडा धरून किंचित फिरवा, थोडा, जेवढ्याने कानाला ‘टिक्’ ऐकू येईल तेवढाच. दर दहा मिनिटांनी पुन्हा. घाई केली तर खोबण अंडाकृती होते, विसरलात तर गोळी कायमची बसते. पुट्टी रात्रभरात पूर्ण कडक झाली की गोळी आतच राहते, फिरते, पण निघत नाही. मांडीला दांड्याच्या मापाचं भोक पाडायचं आणि रंगकाम संपल्यावर सर्वांत शेवटी दांडा त्यात चिकटवायचा. तोवर मांडी सुटी, रंगवायला मोकळी.

खोबण खोल म्हणजे पाय कमी हलणार, हे ओघाने आलंच. म्हणून कडेला पुढच्या बाजूने, जिथे मांडी वर उचलायची आहे तिथे, दांडा शिरेल अशी खाच ओल्या पुट्टीतच कोरून ठेवा. मागे नको. बॅरनला मागे लाथ मारायची काही गरज नाही.

कोपर आणि गुडघ्याला गोळी नकोच, साधी बिजागरी पुरते. आत १ मिलिमीटरची पोलादी पिन घ्या. सायकलचा स्पोक २ मिलिमीटरचा असतो, या मापाला जाड पडतो. आणि ‘आतून तार घातली की वाकेलच की’ म्हणणाऱ्यांसाठी: वाकेल, तीसेक वेळा. मग धातू थकून आतल्या आत तुटतो आणि हात लोंबतो.

उभा का राहत नाही?

बोकडाच्या पायांवर भारी धड म्हणजे पडण्याचा परवाना. लोक खूर मोठे करत जातात आणि राक्षस गमबूट घातल्यासारखा दिसतो. बाजूने बघा: खुब्याच्या सांध्यातून ओळंबा सोडला तर तो खुरावर पडायला हवा. बोकडाच्या पायाचा तो उलट्या गुडघ्यासारखा दिसणारा सांधा खरं तर घोटा असतो, तो मागे जातो, म्हणून खूर पुन्हा पुढे आणावा लागतो. हा बाक सौम्य केला की राक्षस पुढे कलंडतो. खुरात पुट्टी भरताना लोखंडी वॉशर घाला. वजन खाली येतं, आणि चौथऱ्यात चुंबक असेल तर तो चिकटूनही उभा राहतो.

मांडीवरच्या केसांचं सांगायचं राहिलं. केसांचे झुपके सांध्यावरून दोन्ही बाजूंनी ओढले की ते एकमेकांत अडकतात आणि तुटतात. कमरेकडून खाली येणारे झुपके ठेवा, मांडीकडून वर जाणारे नको. वरचा केस खालच्यावर छपरासारखा सरकतो आणि सांधाही झाकला जातो.

रंग, आणि नंतरच्या तक्रारी

रंगाला जाडी असते. प्रायमर, दोन हात रंग, वर वॉर्निश, असं करत घट्ट बसणारी बिजागरी जाम होते आणि जोर लावला की रंगाची साल निघते. हलणाऱ्या भागांत सुरुवातीलाच कागदाच्या एक-दोन घड्यांएवढी फट ठेवा, आणि सांध्याच्या आतल्या बाजूला रंग लावूच नका. त्याऐवजी तिथल्या पुट्टीतच मळताना थोडा गुलाबी किंवा तपकिरी रंग मिसळा. मग घासलं गेलं तरी पांढरं डोकावत नाही. पॉलिमर क्लेवर स्प्रे मारताना आधी नमुन्यावर बघा, काही स्प्रे तिच्यावर महिनोन्‌महिने चिकट राहतात. साधा ॲक्रिलिक बरा.

सांधा ढिला पडला तर गोळीवर पारदर्शक नेलपॉलिशचा एक हात द्या आणि पूर्ण वाळल्यावरच बसवा. गोळी कायमची आत असेल, तर फटीतून फेविकॉल पाणी घालून सोडा आणि वाळेपर्यंत सांधा हलवत राहा. फेविक्विक चालतं, पण एक क्षण थांबलात की पाय कायमचा उभा, आणि त्याच्या वाफेने शेजारच्या गडद रंगावर पांढुरका थर बसतो तो वेगळाच. सांधा घट्ट असेल आणि प्लॅस्टिकचा असेल, तर आधी गरम पाण्यात मिनिटभर धरून मग फिरवा. घरातलं खोबरेल किंवा शिलाई मशीनचं तेल नको: रंग सुटतो, धूळ चिकटते. सिलिकॉन ग्रीसचा ठिपका पुरे.

बाराव्या मांडीचा बॅरन आता कपाटावर उभा आहे. भाचीने काल त्याला मांडी घालून बसवायचा प्रयत्न केला. खुबा टिकला. उजवं शिंग गेलं.