सुवार्ता सांगताना या चुका टाळा

आमच्या चर्चच्या तरुण संघात सुवार्ता, म्हणजे येशूचा संदेश, सांगायला दरवर्षी नवी मुलं येतात. उत्साह दांडगा, धीर शून्य. दादर स्टेशनबाहेर किती पत्रिका वाटल्या ते सांगतील. घेणाऱ्यांपैकी एकाचं तरी नाव विचारलं की गप्प. त्याच त्या चुका पाहून कंटाळा आलाय, म्हणून एकदा लिहूनच टाकते.

दुःखात उपदेश. माझी सगळ्यात जास्त चीड इथे. परळच्या एका हॉस्पिटलबाहेर गावाकडून आलेले नातेवाईक फुटपाथवर पथारी टाकून असतात, त्यांना आम्ही भेटतो. एका मावशींचा मुलगा त्याच पहाटे गेला होता. आमचा एक नवा पोरगा त्यांच्यासमोर उकिडवा बसला आणि सुरू झाला, "मावशी, यात देवाची योजना असेल. त्याला तारणाविषयी कुणी सांगितलं होतं का?" मावशींनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. मग म्हणाल्या, "बाळा, तुला पोरं हायत का?"

त्याला तिथून उठवलं. मावशींना साताऱ्याला बॉडी न्यायची होती. फॉर्म भरून दिला, रुग्णवाहिकेवाल्याशी भाड्यावरून हुज्जत घातली. येशूचं नाव त्या दिवशी निघालंच नाही. परतताना लोकलमध्ये पोरगा म्हणतो, "ताई, पण सत्य सांगायची संधी गेली ना?"

त्याला बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा अकरावा अध्याय काढायला लावला. मार्था आणि मरिया या बहिणींचा भाऊ लाजर मेलाय. मार्था म्हणते, प्रभूजी, आपण येथे असता तर माझा भाऊ मेला नसता. मरिया येऊन शब्दन् शब्द तेच म्हणते. मार्थेला येशू पुनरुत्थानाचं सत्य सांगतो. मरियेपुढे मात्र तो रडतो. वाक्य एकच, पण समोरची बाई कोण आणि कुठल्या अवस्थेत आहे ते त्याने आधी पाहिलं. बायबलमधल्या ईयोबावर संकटं कोसळली तेव्हा त्याचे मित्रही सात दिवस त्याच्याजवळ गप्प बसले तोवर ठीक होते, तोंड उघडल्यावर बिघडलं.

माझी सवय साधी आहे: पहिल्या भेटीत मी फक्त विचारते. जेवलात का, कुठून आलात, सोबत कोण आहे. येशूचा शिष्य पेत्र आपल्या पत्रात म्हणतो की आशेविषयी विचारणाऱ्याला उत्तर द्यायला सिद्ध असा, आणि तेही सौम्यतेने. 'विचारणाऱ्याला' हे आमच्या पोरांना दिसतच नाही.

फसवून बोलावणं. ही उलट बाजूची चूक, आणि हिला लोक प्रेमळपणा समजतात. शेजाऱ्यांना 'संगीताचा कार्यक्रम आहे' म्हणून न्यायचं आणि तिसऱ्या गाण्यानंतर संदेश सुरू. आमच्या चाळीतल्या एका काकांना असंच नेलं होतं. ते सभ्यपणे शेवटपर्यंत बसले, नंतर कधी जिन्यात थांबून बोलले नाहीत. सरळ सांगावं, "काका, आमची प्रार्थना सभा आहे, यावंसं वाटलं तर या." येणारे कमी होतील. होऊ देत. 'चर्चला या, आजार बरा होईल' हाही त्यातलाच प्रकार. प्रार्थना जरूर करा. कुणाच्या गोळ्या बंद करायला सांगितल्यात तर माझ्याशी गाठ आहे.

घरच्यांवर घाई. बाप्तिस्म्याला महिना होत नाही तोच आईला नरकाची भीती घालतात. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी घेतला तो काही वर्षांनी, स्वतःला पटल्यावर. आमच्या पोरांना दिवाळीच्या आत निकाल हवा असतो.

प्रसादावरून प्रवचन. शेजारच्या वहिनी गणपतीचा प्रसाद घेऊन दारात उभ्या आणि तुम्ही मूर्तिपूजेवर बोलताय? घ्यायचा नसेल तर, "वहिनी, आम्ही घेत नाही, राग मानू नका. आत या, चहा टाकते." येशूचा प्रेषित पौलही अथेन्समध्ये मूर्ती पाहून अस्वस्थ झाला होता, पण तिथल्या अरीयपग टेकडीवर लोकांशी बोलताना सुरुवात केली ती त्यांच्या धर्मशीलतेपासून, आणि दाखला दिला त्यांच्याच कवींचा.

'सगळं एकच हो' म्हणून सुटका. समोरच्याने मनापासून प्रश्न विचारला असेल तर हे उत्तर म्हणजे आळस. मानता ते सांगा, ठाऊक नसेल तर तसं सांगा.

कायद्याचं अज्ञान. राज्यघटनेचं कलम २५ धर्मप्रसाराचा हक्क देतं. दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही, हे सुप्रीम कोर्टाने १९७७ मध्ये सांगितलंय. पैसे, रेशन, नोकरीचं आमिष तर नकोच.

आणि पहाटे पाचला सोसायटीच्या ग्रुपवर वचनांचे फॉरवर्ड टाकणं कृपा करून बंद करा. तिथे पाण्याच्या वेळा बघायला लोक येतात.