धबधब्यावर जाताय? या चुका टाळा

धबधब्यासमोर उभं राहिलं की नजर कोसळणाऱ्या पाण्यावर खिळते आणि वरच्या डोंगराकडे कुणाचंच लक्ष राहत नाही. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. तुमच्या डोक्यावर लख्ख ऊन असेल, पण वरच्या पाणलोटात तासाभरापूर्वी धो-धो पाऊस झाला असेल, तर तो लोंढा वाटेत आहे. उष्ण कटिबंधात दुपारनंतरचा गडगडाटी पाऊस नित्याचाच. म्हणून ‘इथे तर थेंबही नाही’ या भरवशावर डोहात उतरू नका.

पोहोचल्याबरोबर पाण्यालगतचा एखादा ठळक दगड हेरून ठेवा आणि अधूनमधून त्याच्याकडे बघत राहा. त्याची कोरडी कड भिजू लागली, नितळ पाणी गढुळलं, पालापाचोळा नि काटक्या वाहत आल्या किंवा धारेचा आवाज वाढला, तर सामान गोळा करत बसू नका. सरळ उंचावर चढा. ओढ्याच्या पात्रातून खाली पळू नका, लोंढा तुम्हाला गाठतोच. पलीकडच्या काठावर अडकलात तरी घाईने ओलांडायला जाऊ नका. उंच जागी थांबून पाणी ओसरू द्या, रात्र काढावी लागली तरी चालेल.

‘गुडघ्याएवढंच तर पाणी आहे’ हे वाक्यही धोक्याचं. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा साधारण चौपट होतो. तळ दिसत नसेल किंवा खाली लगेच कडा असेल, तर ओलांडायचंच नाही. इतर ठिकाणी पाठपिशवीचा कमरेचा पट्टा सोडा, तोंड प्रवाहाकडे ठेवा, काठी रोवून एका वेळी एकच पाऊल टाका. वाहून जायला लागलात तर उभं राहण्याची धडपड करू नका, कारण दगडांच्या फटीत पाय अडकला की पाणी माणसाला आडवं दाबून धरतं. उताणे व्हा, पाय प्रवाहाच्या दिशेला आणि वर ठेवा, हात मारत तिरकस काठाकडे सरका.

पट्टीचे पोहणारेही धारेखालच्या डोहात फसतात. पांढऱ्या फेसाळ पाण्यात हवा मिसळलेली असल्याने ते अंगाला नीट उचलून धरत नाही, आणि कोसळणारी धार खाली दाबते, तर पृष्ठभागावरचं पाणी पुन्हा धारेकडेच ओढतं. वरून उडी तर नकोच. मागच्या खेपेला जिथे खोल होतं, तिथे पुराने आणलेली शिळा किंवा ओंडका असू शकतो. थेट धारेखाली उभं राहण्याचा मोह मी समजू शकतो, पण पाण्याबरोबर दगडही येतात.

कुणी बुडत असेल तर मागोमाग उडी टाकू नका. दोर, लांब काठी, झाकण घट्ट लावलेली रिकामी बाटली, जे हाती लागेल ते फेका. धबधब्याजवळ हाका ऐकू जात नाहीत, म्हणून प्रत्येकाच्या गळ्यात शिट्टी हवी.

तुषारांनी कायम भिजणाऱ्या कातळावर शेवाळाचा पातळ थर असतो आणि बऱ्याचदा तो डोळ्यांना दिसतही नाही. चपला नकोत, खोल नक्षीचे बूट घाला. धबधब्याच्या माथ्यावर फोटोसाठी कडेपर्यंत जाणं मला कुठल्याच कारणाने पटत नाही. तिथे पाय घसरला तर धरायला काहीच नसतं.

निघायची वेळ आधीच ठरवा. उष्ण कटिबंधात संधिप्रकाश फार टिकत नाही, घळीत तर अंधार आणखी लवकर होतो. डोक्याला लावायची बॅटरी बरोबर असू द्या.

जळू चिकटली तर चटका देऊ नका, तिच्या निमुळत्या टोकाखाली नख सरकवून सोडवा. अंगावर जखम असेल तर पाण्यात उतरणं टाळा. परतल्यावर महिन्याभरात ताप, पोटऱ्यांत जबर दुखणं किंवा डोळ्यांत लाली दिसली, तर डॉक्टरांना ओढ्याच्या पाण्यात उतरल्याचं आवर्जून सांगा. लेप्टोस्पायरोसिस हा दूषित पाण्यातून होणारा जिवाणूंचा आजार वेळीच ओळखला गेला, तर प्रतिजैविकांनी बरा होतो.