गजबजलेला ग्रुप विभागताना या चुका टाळा

इंदूरच्या सुदामानगर, राजेंद्रनगर, लोकमान्यनगर अशा वसाहतींत विखुरलेल्या मराठी मंडळींचा एक व्हॉट्सॲप ग्रुप मी काही वर्षांपासून ॲडमिन म्हणून सांभाळतो. सदस्य तीनशेच्या वर गेले, तेव्हा "फार गर्दी झाली, वेगवेगळे ग्रुप करा" अशी मागणी सुरू झाली आणि आम्ही ती घाईने मान्य करून एकाचे सहा ग्रुप केले.

गर्दी माणसांची आहे की संदेशांची, हे आम्ही आधी पाहिलेच नाही. व्हॉट्सॲपने २०२२ साली ग्रुपची सदस्यमर्यादा २५६ वरून आधी ५१२ आणि नंतर १०२४ केली, त्यामुळे तीनशे हा आकडा मुळीच अडचणीचा नव्हता. पुढे एका रविवारचे संदेश मोजले, तेव्हा दीडशेपैकी उपयोगाचे जेमतेम वीस निघाले. बाकी शुभ सकाळ, देवदर्शन आणि इकडून तिकडे ढकललेले व्हिडिओ होते, आणि त्यांतले बहुतेक नऊ जणांचे होते. हे नऊही जण नव्या सहाही ग्रुपांत हौसेने दाखल झाले, आणि एकच गुलाबाचे फूल रोज सहा वेळा येऊ लागले. अशा वेळी त्या नऊ जणांना फोन करून समजावणे अवघड वाटते खरे, पण विभागणीपेक्षा ते स्वस्त पडते.

दुसरी चूक म्हणजे आम्ही विभागणी वसाहतवार केली. माणसे वसाहतीत राहतात, पण बोलतात विषयावर. सानंद या इंदूरच्या मराठी सांस्कृतिक संस्थेच्या नाटकाचा जादा पास सुदामानगरात असतो आणि तो हवा असणारा लोकमान्यनगरात, त्यामुळे पूर्वी पाच मिनिटांत जुळणारी गाठ पडेनाशी झाली. एखादा विषय दोन-तीन महिने सातत्याने येत असेल, बाकीच्यांना त्याचा कंटाळा येत असेल आणि तो सांभाळायला कोणी आपणहून तयार असेल, तरच त्याचा वेगळा ग्रुप करावा, आणि एका वेळी एकच करावा. यातली तिसरी अट सर्वांत महत्त्वाची आहे, कारण वाली नसलेला ग्रुप महिन्याभरात ओस पडतो.

सर्वांत महागात पडली ती मुख्य ग्रुप बंद करण्याची चूक. आमच्यातल्या एका ज्येष्ठ गृहस्थांचे निधन झाले आणि ती बातमी त्यांच्या वसाहतीच्या ग्रुपवर आली. इंदुरात उठावणा, म्हणजे सांत्वनासाठी सर्वांनी जमणे, बहुधा तिसऱ्या दिवशी होतो. त्यांचे दुसऱ्या वसाहतीतले जुने स्नेही पाचव्या दिवशी माझ्या दारात उभे राहिले. ते रागावले नाहीत. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी फोन माझ्यापुढे धरला, बोटाने ग्रुपांची यादी वर-खाली केली आणि विचारले, "यातल्या कोणत्या ग्रुपात बघायला हवं होतं, ते सांग."

म्हणून कितीही ग्रुप केले तरी सर्वांना जोडणारी एक जागा शिल्लक ठेवावी. व्हॉट्सॲपच्या कम्युनिटी या सोयीत लहान ग्रुप एका छत्राखाली येतात आणि ॲडमिनने टाकलेली सूचना त्यांतल्या सर्वांपर्यंत एकदाच पोहोचते. ते किचकट वाटत असेल, तर मुख्य ग्रुपच्या सेटिंगमध्ये संदेश पाठवण्याची परवानगी केवळ ॲडमिनपुरती ठेवली तरी भागते. मात्र तिथे एकच ॲडमिन नको. चार असावेत आणि त्यांतला किमान एक पहाटे उठणारा, निवृत्त माणूस असावा.

विभागणी आधीच फसली असेल, तर ग्रुप घाईने उडवू नयेत. दोन ग्रुप आपोआप एकत्र करून जुने संदेशही सोबत नेण्याची सोय व्हॉट्सॲपमध्ये नाही. सर्वांत जुना ग्रुप मुख्य ठरवावा, त्याची निमंत्रण-लिंक बाकीच्या ग्रुपांत टाकावी, पंधरा दिवस थांबून जे आले नाहीत त्यांना फोन करावा आणि मगच लहान ग्रुपांत लिहिणे बंद करावे. म्हणजे कोणाचा पत्ता किंवा नंबर शोधायचा झाल्यास जुने संदेश वाचता येतात.

आम्हीही असेच परत एकत्र आलो. मुख्य ग्रुपशिवाय आता नाटकांचा आणि भाड्याच्या घरांचा असे दोनच ग्रुप चालतात. तिसरा सुविचारांचा आहे. तो त्या नऊ जणांनी स्वतःच काढला, पहाटे साडेपाचला सुरू होतो, आणि त्यांच्या आग्रहामुळे मीही त्यात आहे, म्यूट करून.