लसीबाबत साशंक कामगारांशी फोनवरून संवाद कसा साधावा

मुंबईतील सफाई, बांधकाम किंवा कारखान्यातील कामगार लस टाळतो, तेव्हा त्याचे खापर अडाणीपणावर फोडून मोकळे होण्याची आपल्याला सवय आहे. प्रत्यक्षात रोजंदारीवरच्या माणसाच्या मनातील प्रश्न बहुधा हिशेबाचा असतो: सुईमुळे अंगात ताप आला आणि खाडा पडला, तर त्या दिवसाचा रोज कोण देणार? त्यामुळे पहिला फोन सांगण्यासाठी नव्हे, तर विचारण्यासाठी करावा.

पहाटे हजेरी लावणाऱ्या सफाई कामगाराला दुपारी उशिरा, तर बांधकामावरील कामगाराला संध्याकाळी काम सुटल्यावर फोन करावा. तो लोकलमध्ये लटकत असेल, तर वेळ ठरवून फोन ठेवावा. मुकादमाच्या मोबाइलवरून किंवा तो शेजारी असताना संभाषण करू नये, कारण तेथे मिळणारे ‘हो’ खरे नसते. आपले उत्तर मालकाकडे जाणार नाही आणि लस न घेतल्याने काम जाणार नाही, ही हमी सुरुवातीलाच द्यावी; मात्र त्याआधी कंपनीकडून तसे लेखी घ्यावे. हमी नुसती तोंडी राहिली आणि एकाचे जरी काम गेले, तरी पुढचे सर्व फोन वाया गेले असे समजावे.

उत्तरे ऐकताना जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी २०१४ मध्ये मांडलेली तीन कारणे ध्यानात ठेवावीत. लसीवर विश्वास नसणे, आजाराची भीती न वाटणे आणि लस मिळण्याची सोय नसणे, ही ती कारणे होत. तिसऱ्या कारणावर कितीही प्रबोधन केले तरी उपयोग नाही. तेथे पगारी रजा आणि कामाजवळचे लसीकरण हेच उत्तर आहे.

दुसऱ्या कारणावर मात्र फोनवरचे शिक्षण खरोखर कामाचे ठरते. धनुर्वाताचेच पाहा. ‘खिळा लागला की सुई टोचून घेऊ’ असे अनेकजण म्हणतात. ज्याने पूर्वी कधीच ही लस घेतलेली नाही, त्याच्या शरीरात एका सुईने लगेच संरक्षण तयार होत नाही, त्यासाठी काही आठवडे लागतात; धनुर्वात मात्र जखमेनंतर ३ ते २१ दिवसांत उमटू शकतो. शिवाय हा आजार माणसाकडून माणसाला होत नाही, त्याचे जंतू मातीत असतात. म्हणून शेजाऱ्याने लस घेतली तरी आपण वाचत नाही, हा मुद्दा कामगारांना चटकन पटतो. कचरा उचलताना वापरलेली सुई टोचण्याचा धोका असलेल्यांना यकृताला इजा करणाऱ्या हिपॅटायटिस-बी विषाणूविषयी सांगावे: हा विषाणू शरीराबाहेर किमान ७ दिवस जिवंत राहू शकतो आणि लसीचे नेहमीचे वेळापत्रक ०, १ व ६ महिने असे ३ मात्रांचे असते. हात दुखणे किंवा एखाद-दुसरा दिवस कणकण येणे शक्य आहे, हे लपवू नये. गर्भारपण, जुना आजार किंवा पूर्वी आलेली तीव्र अ‍ॅलर्जी असल्यास मात्र निर्णय डॉक्टरांवर सोपवावा.

विश्वासाचा प्रश्न सर्वांत अवघड. १८९६ मध्ये या शहरात प्लेग आला, तेव्हा प्लेगवरची लस तयार करणारे शास्त्रज्ञ वाल्देमार हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी आपली लस आधी स्वतःला टोचून घेतली होती. परळची संस्था आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते. त्याच न्यायाने, लस घेतलेल्या सहकाऱ्याकडून दोन मिनिटांचा ध्वनिसंदेश त्याच्याच बोलीत मागून घ्यावा आणि तो त्याच्या परवानगीनेच व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवावा. लांबलचक व्हिडिओने मोबाइलचा डेटा संपतो आणि तो शेवटपर्यंत कोणी पाहत नाही. ‘शुभ सकाळ’च्या फुलांखाली गाडला गेलेला ग्रुप यासाठी निरुपयोगी असतो (हा अनुभव कोणाला नाही?), म्हणून संदेश व्यक्तिगत पाठवावा. अफवा खोडताना ती पुन्हा उच्चारू नये, आधी खरी गोष्ट सांगावी आणि शेवटी विचारावे, ‘घरी गेल्यावर वहिनींना हे कसे सांगाल?’ सांगताना तो जेथे अडखळतो, तेवढाच भाग पुन्हा समजावावा.

लस घेतल्यावर त्याच संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशी फोन करून विचारपूस करावी. लस टोचताच संपर्क तुटला, तर गरज भागताच विसरणाऱ्यांत आपली गणना होते. पुढील मात्रेची तारीख मोबाइलवर आणि कागदावरही द्यावी. कामगार सणाला किंवा शेतीच्या हंगामाला गावी जाणार असेल, तर उरलेली मात्रा जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळेल का, हे तो गाडीत बसण्यापूर्वीच विचारून ठेवावे.